कोणता कुत्रा घ्यायचा, हे आधी घराला विचारा

नवा फ्लॅट झाला, मुलाची दहावी संपली किंवा धाकटीने वर्षभर हट्ट धरला, की नाशिकमधल्या घरांत हा विषय निघतो. मग ओळखीत ज्यांच्याकडे कुत्री आहेत त्यांना फोन जातात. आमच्या घरी वर्षानुवर्षं कुत्री असल्यामुळे असे फोन मलाही येतात. "ताई, हस्की घेऊ की गोल्डन?" जात बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते, पिल्लाचा फोटोही घरात सगळ्यांनी पाहिलेला असतो, फक्त कुणीतरी "घ्या" म्हणायला हवं असतं. मी उलट विचारायला लागते. घर कितव्या मजल्यावर? दिवसभर घरात कोण असतं? सकाळी उन्हाच्या आत आणि रात्री जेवणानंतर त्याला फिरवणार कोण, त्या माणसाचं नाव सांगा. दिवाळीत, मे महिन्यात गावी जाता तेव्हा तो कुठे राहणार? इथे फोनवरचा उत्साह थोडा ओसरतो, आणि तो ओसरलेला मला चालतो.

माझं मत पक्कं आहे. कुत्र्याची जात ही निव्वळ आवडीची गोष्ट समजली जाते, म्हणून इतक्या मुक्या जिवांचे हाल होतात. आपलं हवामान, आपली जागा आणि आपला वेळ ज्या कुत्र्याला पुरणार नाही, तो कितीही देखणा असला तरी घरी आणू नये. आणि ही गोष्ट त्या एका घरापुरती राहत नाही. भलत्या घरात पडलेला कुत्रा दिवसभर भुंकतो, कुणाला तरी चावतो, आजारी पडतो आणि शेवटी एखाद्या रात्री रस्त्यावर येतो. सोसायटीतली भांडणं, महापालिकेकडच्या तक्रारी, रस्त्यावर वाढणारी कुत्री, हे सगळं त्या एका खरेदीपासून सुरू झालेलं असतं. त्यामुळे कुणी कोणता कुत्रा घ्यावा आणि कुणी तो कसा विकावा, यात शहराने लक्ष घातलंच पाहिजे.

आधी हस्कीचं घेते, कारण गेल्या काही वर्षांत गंगापूर रोडला, कॉलेज रोडला संध्याकाळी तो सर्रास दिसायला लागला आहे. निळे डोळे, लांडग्यासारखा चेहरा, जाड झुपकेदार शेपूट. मुलांना तो आवडणारच. ही जात सायबेरियाच्या पार ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी बर्फावरच्या घसरगाड्या ओढायला घडवली. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा त्यावरचं सीरम कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्याने हातोहात देत सुमारे १,०८५ किलोमीटर बर्फातून साडेपाच दिवसांत पोहोचवलं. हस्की त्या कामाचा कुत्रा आहे. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आत दाट मऊ लव आणि वर लांब राठ केस, म्हणून तो बर्फात अंगाचं वेटोळं करून झोपू शकतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हाही तो हीच लव अंगावर घेऊन चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभा असतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांतून थोडा येतो, पण शरीर थंड करायचं त्याचं खरं साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणं. त्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०६ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. हवा गरम असेल, वर दमट असेल, तर नुसत्या धापांनी भागत नाही. "आम्ही एसी लावतो ना" असं लोक म्हणतात. लावत असतीलही. पण त्याला दिवसातून दोनदा खाली न्यावं लागतंच, लोडशेडिंगच्या दुपारी एसी बंद असतो, आणि ज्या कुत्र्याच्या रक्तात दिवसभर पळणं आहे त्याला एका थंड खोलीत कोंडून ठेवणं हाही छळच आहे. "हा इथेच जन्मलाय, त्याला सवय झालीय" हे दुसरं ठरलेलं उत्तर. केसांचे दोन थर एका-दोन पिढ्यांत जात नाहीत. काही जण उन्हाळ्यात त्याचे केस मशीनने साफ उतरवतात. त्यानेही भलं होत नाही, कारण वरचे राठ केस उन्हापासून कातडी वाचवतात, ते गेले की कातडी भाजते. सेंट बर्नार्ड हा आल्प्सच्या खिंडीतल्या मठात वाढलेला कुत्रा, त्याचीही हीच गत, आणि त्यात वजन माणसाएवढं. त्याला नाशिकच्या फ्लॅटमध्ये आणणाऱ्यांना मी स्पष्ट नको म्हणते.

नाशिक थंड हवेचं गाव आहे, अशी आपली जुनी समजूत आहे. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि त्या भरवशावर हस्की घेतो. थंडीचे ते दोन-अडीच महिने त्याला मानवतात, हे खरं. उरलेलं वर्ष त्याने काय करायचं?

पगची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त दुःखाची. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग साऱ्या देशाने पाहिला आणि घराघरांत पग आले. लहानसा, कमी खाणारा, फ्लॅटमध्ये मावणारा, मुलांत मिसळणारा; कागदावर सगळं जुळतं. पण त्याचा चेहरा चपटा करता करता माणसाने त्याच्या श्वासाची वाटच आवळून टाकली आहे. नाकपुड्या अरुंद, टाळूचा मागचा मऊ भाग गरजेपेक्षा लांब, डोळे खोबणीतून पुढे आलेले. धापा टाकूनच ज्याला अंग थंड करायचं आहे त्याला नीट धाप टाकताच येत नाही.

एप्रिलमधली एक दुपार मला लख्ख आठवते. आमच्या कुत्रीला लस द्यायला गेले होते. सिडकोकडून रिक्षाने एक बाई आणि तिची शाळकरी मुलगी पगला टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आल्या. जीभ निळसर पडलेली, हिरड्या चिकट, प्रत्येक श्वासाला घशातून करवतीसारखा आवाज. डॉक्टरांनी आधी तो टॉवेल काढायला लावला, कारण त्याने उष्णता आतच कोंडली होती. मग पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवले, समोर पंखा धरला, तोंडाला ऑक्सिजनची नळी लावली. बर्फ घालू का, असं मुलीने विचारलं, तर नको म्हणाले. फार गार पाण्याने वरच्या शिरा आकसतात आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. अर्ध्या तासाने जिभेचा रंग परतला. वाचला तो. बाई म्हणाल्या, "तो नेहमीच घोरतो हो, आम्हाला गोड वाटायचं." त्यांचा काय दोष? घेताना त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं की ते घोरणं म्हणजे श्वासाची झटापट आहे. विकणाऱ्याने सांगायला हवं होतं, आणि विकणारा ते कधीच सांगत नाही.

लॅब्रॅडोर हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका कुत्रा, आणि स्वभावाने तो त्या लाडाला पात्रही आहे. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात उतरून जाळी ओढायचे, सुटलेले मासे पकडून आणायचे. म्हणून त्याला पाणी आवडतं, तोंडात काहीतरी धरायला आवडतं, आणि तो सतत भुकेला असतो. ही भूक नुसती सवयीची नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळपास एक चतुर्थांश लॅब्रॅडोरमध्ये भुकेशी निगडित एका जनुकात बिघाड असतो, त्यामुळे त्यांचं पोट भरल्याची जाणीवच त्यांना नीट होत नाही. आणि आपण काय करतो? सकाळी दूध-पोळी, दुपारी उरलेला भात, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं, आणि फिरणं म्हणजे लिफ्टने खाली, सोसायटीच्या गेटपर्यंत, परत वर. चार वर्षांत तो पिंप होतो. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष मुळातच आढळतो, त्यावर हे वजन. लॅब घ्यायचाच असेल तर त्याच्या ताटावर हात आखडता ठेवणारं माणूस घरात हवं, आणि आपल्या घरांत आजी-आजोबांचं प्रेम पाहता हे सगळ्यात अवघड.

बीगल सशामागे कळपाने धावणारा, वास धरला की मोठ्याने साद घालणारा कुत्रा. नवरा-बायको दोघं नोकरीला, घर बंद, आणि आत एकटा बीगल. तो दिवसभर ओरडणारच. जर्मन शेफर्डची जात १८९९ मध्ये कॅप्टन माक्स फॉन श्टेफानित्स यांनी मेंढपाळी कुत्र्यांतून बांधली, दिवसभर मेंढरांभोवती फेऱ्या मारायला. तो आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाशी साखळीला बांधलेला असतो आणि फाटकावर पाटी असते. वर्षभर साखळीला बांधलेलं कुठलंही जनावर चिडकं होतं, त्यात शेफर्डचं काही विशेष नाही.

इथे एक प्रामाणिक शंका कुणी काढेल, आणि ती काढायलाच हवी. कुत्र्याचा स्वभाव खरंच जातीवर इतका अवलंबून असतो का? २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतल्या अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतली होती, आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासले होते. निष्कर्ष असा निघाला की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीने समजावता येतो. सांगितलेलं ऐकण्यासारख्या काही गोष्टींत जातीचा वाटा थोडा जास्त दिसला, पण कुत्रा किती लवकर चिडतो यात तो जवळजवळ नव्हताच.

माझं म्हणणं याने ढासळत नाही, उलट नेमकं होतं. जात ठरवते ते शरीर : केसांचा थर, नाकाची लांबी, सांधे, दम, आकार, आयुष्य. ग्रेट डेन सात ते दहा वर्षं जगतो, छोट्या चणीचा कुत्रा चौदा-पंधरा वर्षंही सोबत करतो. हवामान आणि जागा जुळते की नाही हे शरीर पाहून ठरतं, म्हणून जात पाहायची ती यासाठी. स्वभावासाठी मात्र ते पिल्लू, त्याची आई आणि त्याचे पहिले तीन महिने पाहायचे. "गोल्डन म्हणजे शांतच" म्हणून मुलांच्या अंगावर सोडून द्यायचा आणि "रॉटवायलर म्हणजे चावणारच" म्हणून साखळीला बांधायचा, या दोन्ही चुका इथूनच होतात.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींच्या विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं, तेव्हा नाशिकमध्येही रॉटवायलरवाल्या घरांत घबराट झाली. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. मला तो निकाल पटतो. यादी करून जाती बाद करणं सोपं आहे, पण त्याने चावे थांबत नाहीत. यादीबाहेरचा दांडगा कुत्रा आणून तसाच बांधून ठेवला जातो. चावा घडतो तो बांधून ठेवण्यातून, घाबरवण्यातून, पिल्लूपणी माणसं न दाखवण्यातून. मात्र याचा अर्थ असा नव्हे की कुणीही काहीही आणावं. पन्नास किलोचा राखणदार कुत्रा पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराने घेऊ नये, कारण तो ओढायला लागला की त्याला धरून ठेवणारे हात त्या घरात नसतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या जनावराबाबत हयगय करून दुसऱ्याला धोक्यात आणलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही घेण्याआधी माहीत असावं.

आता विकणाऱ्यांकडे वळते, कारण माझा खरा राग तिथे आहे. पिल्लं कशी विकली जातात ते पाहा. मोबाइलवर फोटो येतो, "शुद्ध जातीचं, केसीआय पेपर आहेत." भेट ठरते ती एखाद्या फाट्यावर किंवा पार्किंगमध्ये. गाडीच्या डिकीत प्लॅस्टिकचा क्रेट, त्यात वर्तमानपत्रावर दोन-तीन पिल्लं, एकाच्या डोळ्यांतून पाणी. आई कुठे आहे म्हणून विचारलं तर ती "गावाला" असते. वय विचारलं तर पंचेचाळीस दिवस सांगतात, दात पाहिले तर तीस-पस्तीसही वाटत नाहीत. केसीआय म्हणजे केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो. पिल्लाचे खुबे कसे आहेत, आईला काही आजार होता का, हे तो सांगत नाही. आणि इतक्या लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाला पार्व्हो हा विषाणूचा आजार झाला की रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत ते हातचं जातं. घरातल्या मुलांसमोर जातं.

कायदा नाही असं नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्राने २०१७ मध्ये नियम केले, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि विकण्याआधी त्याला मायक्रोचिप, म्हणजे ओळखक्रमांक असलेली कातडीखालची बारीक चिप, बसवायला हवी. डिकीतून होणारा तो सगळा सौदा या नियमांत बसत नाही. पण आपण घेणारे ना नोंदणी क्रमांक विचारतो, ना चिप. आईला पाहिल्याशिवाय पिल्लू घेणार नाही, एवढं जरी नाशिकच्या हजार घरांनी ठरवलं तरी डिकीतला धंदा बसेल.

टाकून देण्याचं तर बोलायलाच नको. गंगापूर धरणाच्या रस्त्याला गळ्यात पट्टा असलेला लॅब्रॅडोर येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे पळताना मी पाहिला आहे. प्रत्येक पांढरी गाडी त्याला आपलीच वाटत होती. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये. आज पन्नास रुपयांत मिसळ येत नाही. हा दंड वाढवायला संसदेला इतकी वर्षं लागावीत, ही लाजेची गोष्ट आहे.

मग घ्यायचा कोणता? फोनवर मी बहुतेकांना सांगते की गावठी घ्या, आणि जमलं तर मोठा झालेला घ्या. आपलं गावठी कुत्रं याच उन्हात, याच पावसात हजारो वर्षं घडलं आहे. एकेरी आखूड केस, लांब नाक, हलकी हाडं, ताठ कान. कुणी चेहरा चपटा केला नाही, पाठ लांबवली नाही, त्यामुळे जातिवंत कुत्र्यांतले पुष्कळ आनुवंशिक दोष त्याच्यात कमी आढळतात. खंडोबाच्या आणि दत्ताच्या तसबिरीत आपण त्याला हात जोडतो आणि दारात आला की हाकलतो, हे मला कधी समजलं नाही.

पण गावठ्याविषयी खोटं गोड बोलणार नाही. तो फार सावध असतो. अनोळखी माणसावर भुंकतो, आपली हद्द धरून बसतो, आणि लॅबसारखं प्रत्येकाच्या अंगावर प्रेम उधळत नाही. पिल्लू असताना, तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात त्याला माणसं, मुलं, रिक्षा, प्रेशर कुकरची शिट्टी, फटाक्यांचे आवाज यांची ओळख करून दिली नाही तर तो मोठेपणी बुजतो, आणि बुजलेला कुत्रा दात दाखवतो. शांत, सगळ्यांना आवडणारा, पाहुण्यांच्या मांडीवर बसणारा कुत्राच हवा असेल तर गावठी पिल्लू घेऊन त्याच्यावर नाराज होऊ नका. अशा घराला मी मोठं झालेलं कुत्रं सुचवते. दीड-दोन वर्षांचं कुत्रं घेतलं की त्याची उंची, आवाज, मुलांशी वागणं, सगळं समोर असतं. पिल्लात फक्त अंदाज असतो. प्राणीमित्रांच्या निवाऱ्यात अशी कितीतरी असतात, त्यांत कुणीतरी सोडून दिलेले लॅब आणि शेफर्डही असतात. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही दत्तक घेण्याची वाट दाखवली आहे. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायला नागरिकांनी पालिकेकडे अर्ज करावा, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची, असं त्यात म्हटलं आहे. ती अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

देशी म्हटलं की काहींना एकदम मुधोळ किंवा कारवान आठवतो. दोन्ही नावं एकाच कुत्र्याची; मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी नावारूपाला आणलेला हा शिकारी कुत्रा. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं, पुढे लष्करानेही तो घेतला. २०२० मध्ये पंतप्रधानांनी देशी जातींचं नाव घेतल्यावर त्याची मागणी आणखी वाढली. कुत्रा उत्तम, आपल्या दख्खनचा, उन्हाला काटक. पण त्याला मोकळं रान लागतं. तो सशामागे सुटणारा कुत्रा आहे, त्याला इंदिरानगरच्या टू बीएचकेत आणून ठेवलं तर हस्कीवर केलेला अन्यायच आपण त्याच्यावर करू, फक्त उन्हाऐवजी जागेच्या बाबतीत. त्याची फॅशन होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मळ्यातल्या घरांसाठी वेगळं सांगावं लागतं. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. अंगणात दावणीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. त्यामुळे राखणीला म्हणून महागडा डॉबरमन आणून ओट्याशी बांधण्यात काही अर्थ नाही. मळ्यात दोन-तीन गावठी कुत्री एकत्र, गळ्यात धनगर घालतात तसा खिळ्यांचा पट्टा, आणि रात्री बंद होणारी जागा, हे उपयोगाचं. दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या दोन पिकांची. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. तोडणीच्या दिवसांत शेडमध्ये पडलेले मणी त्याला चघळू देऊ नका. आणि कांदा, लसूण, कच्चा असो की शिजवलेला, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कांद्याच्या चाळीपाशी राहणारा कुत्रा सहसा कच्चा कांदा खात नाही, पण रश्शात बुडवलेला पाव घरातलं कुणीतरी प्रेमाने टाकतं, आणि ते रोज होतं. जात कोणतीही घ्या, नाशिकच्या घरात ही दोन पिकं असतातच.

सोसायट्यांना एवढंच सांगेन की कुत्रा पाळण्यावर किंवा एखाद्या जातीवर बंदी घालायचा ठराव तुम्हाला करता येत नाही. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. पण पट्टा लावा, घाण उचला, रेबीजच्या लशीचं कार्ड दाखवा, असं मालकांना सांगता येतं, आणि तेवढंही फार कमी सोसायट्या करतात.

महापालिकेकडे माझी मागणी याहून मोठी आहे. पाळीव कुत्र्याचा परवाना आपल्याकडे काढावा लागतो, तो काढणारे थोडे आणि विचारणारे त्याहून थोडे. त्या अर्जात दोन रकाने घाला : पिल्लू विकणाऱ्याचा राज्य मंडळाकडचा नोंदणी क्रमांक, आणि पिल्लाच्या मायक्रोचिपचा क्रमांक. दत्तक घेतलेल्याला पहिला रकाना माफ असावा आणि परवान्याचं शुल्कही माफ असावं. हे दोन आकडे नोंदले गेले की गंगापूर धरणाच्या रस्त्याला सापडलेल्या कुत्र्याचा मालक दहा मिनिटांत सापडेल, आणि नोंदणी नसलेल्या माणसाकडून पिल्लू घेणाऱ्याला परवाना मिळणार नाही. शहरातल्या पशुवैद्यांनीही एक करावं : लस द्यायच्या आधीच्या सल्ल्याचं दार उघडं ठेवावं. पिल्लू घरी आणण्यापूर्वी अर्धा तास डॉक्टरांशी बोलायचं, फी द्यायची, आपलं घर आणि आपला दिवस त्यांना सांगायचा, आणि मग ठरवायचं. कुंभमेळ्यासाठी रस्ते, पूल, घाट यांच्या बैठका सध्या पालिकेत रोज होत आहेत. त्यांतल्या एखाद्या बैठकीत आरोग्य आणि पशुवैद्यकीय विभागाला या अर्जासाठी अर्धा तास मिळाला, तर पुढच्या उन्हाळ्याआधी तो बदलता येईल.